नावाडिणीचे तीन शेवट

“नाव वळवायची, का पाय धरायचे? आज तुम्ही काय करणार, बाई?”

स्नेहलनं एका दमात विचारून टाकलं आणि चहाचा कप आरशापुढं ठेवला. खिडकीबाहेर रत्ना आणि बाकीच्या पोरी भिंतीला चिकटून खाली वाकून बसल्या होत्या. नटीला बोलतं करायची पैज त्यांनीच लावली होती. पुण्याहून आलेल्या नटीशी अवसरीतल्या बायका बोलत नसत. यात्रेच्या नाटकाची नायिका दर वर्षी यात्रा कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी उतरायची, आतल्या खोलीत तोंड रंगवायची, घरची सवाष्ण खणानारळानं तिची ओटी भरायची आणि तेवढ्यावर संबंध संपायचा. ओटी भरतानासुद्धा कुणी तिच्या तोंडाकडं नीट बघत नसे.

हेमाबाईंनी दातांत धरलेली पिन काढून गंगावनात खोवली.

“शेवट बदललाय हे तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे बदललाय.”

“पाय धरायचे,” बाई म्हणाल्या. “सकाळी तालमीत अध्यक्षांनी सांगितलं. तुझे वडीलच ना ते? एवढ्या गावांत यमुना केली मी, पण स्टेजवर पाय धरायला लावणारं तुमचं पहिलंच गाव.”

पैज जिंकली होती. एरवी स्नेहल नाचतच बाहेर गेली असती. मंचरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून ती घरात चालायचीसुद्धा स्टेजवर चालल्यासारखी, आणि पाणी मागितलं तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. आज मात्र तिनं खिडकीकडं पाहिलंच नाही. रिकामी बशी हातात घेऊन ती नुसती उभी राहिली.

‘संगीत नावाडीण’ गावात तिच्या आज्याच्या काळापासून व्हायचं. यमुनेला तिचा नवरा मारून घराबाहेर काढतो, ती घाटावर नाव चालवून पोट भरते, आणि तिसऱ्या अंकात तो पलीकडच्या काठावर येऊन हाका मारू लागतो. ती वल्हं मारत निघते, मधल्या धारेत थांबते आणि गात गात नावेचं तोंड खालच्या अंगाला वळवते. तो हाका मारत राहतो. पडदा पडतो.

या नाटकावर दोनदा पिक्चर निघाला, आणि हा शेवट दोन्ही वेळा पिक्चरवाल्यांना सोसला नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये यमुना त्याला आणायला जाते आणि पुरात बुडते. तो आईचा. लग्नाआधी तिनं तो तंबूत बसून बघितला होता, आणि अजूनही पोळ्या लाटताना त्यातलं गाणं ओठावर आलं की ती मधेच गप्प व्हायची. नव्या रंगीत पिक्चरमध्ये नवरा ढसाढसा रडतो, यमुना नाव काठाला लावून त्याचे पाय धरते आणि पिवळ्याजर्द साड्यांतल्या बायका नाचायला लागतात. तो थोरल्या बहिणीचा, मंगलताईचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दाजींनी तिला नारायणगावला नेऊन दाखवला होता. स्नेहलचं मात्र नाटकच. ती नाव म्हणजे फळ्या ठोकलेली हातगाडी आहे आणि विंगेतून दोन गडी ती दोरानं ओढतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी नावेचं तोंड वळलं की दर वर्षी दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिला रस्ता जरा रुंद झाल्यासारखा वाटायचा.

बाहेर पडवीत बेल्ह्याचे पावणे बसले होते. मंगलताईचे सासरे रखमाजी, सासू आणि दाजी. सकाळच्या बैलगाड्यांच्या शर्यतीचं बोलणं चाललं होतं, आणि दाजी सगळ्यांना हसवत होते. ताई दिवाळीपासून माहेरी होती. दिवाळीला आली असं घरात म्हणायचे. खरं तर दाजींनी तिला आळेफाट्यावर गाडीवरून उतरवून सोडून दिलं होतं, तेव्हा तिचा डावा हात खांद्यातून निखळलेला होता. तो बसवला, पण अजून डोक्यापर्यंत जात नव्हता. आता यात्रेचं निमित्त काढून मधल्या माणसांनी ठरवलं होतं, की चार लोकांत गोड जेवण व्हावं, रात्री सगळ्यांनी मिळून नाटक बघावं आणि सकाळी ताईनं नांदायला जावं.

वडील, अण्णा, परसात टाकीवर तांबे भरत होते. स्नेहल त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“अण्णा, शेवट का बदलला?”

“हळू बोल. पावणं हायेत.”

“त्यांच्यासाठीच ना? दाजींच्या मनाला लागू नये म्हणून?”

पुढचं सगळं ती भाषणात बोलावं तसं बोलली. गावाचं नाटक काय एकट्या अध्यक्षाचं असतं का, आणि लोकांनी मागायच्या आधीच आपण खाली वाकायचं का. शेवटचं वाक्य तर तिनं येता येता जुळवलं होतं. अण्णा चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. उपरण्यानं हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी.

“मी न्हाई बदलला, पोरी. मंगलनं सांगितलं तसं करा म्हणून.”

ते तांबे उचलून पडवीत गेले.

मंगलताई कोठीच्या खोलीत नवी साडी नेसून खाली बसली होती. मांडीवर गजरा होता. स्नेहलनं फणी घेतली आणि तिच्या मागं बसून केस सोडले. घरात हे काम आता तिचंच झालं होतं.

“तू सांगितलंस?”

“व्हय.”

“तुला पिक्चरमधला शेवट आवडतो म्हणून?”

“तो पिक्चर मला नीट आठवत बी न्हाई,” ताई म्हणाली. “येताना भेळ खाल्ली व्हती, ती आठवती.”

तिनं गजऱ्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“मी आज बायकांत बसणार. शेजारी सासूबाई. यमुनेनं नाव वळवली, की सगळं गाव मान वळवून कुणाकडं बघंल, सांग बरं?”

“बघू दे की.”

“तुला काय. तुझ्याकडं बघत्यात ते तू बक्षीस घ्यायला उठतीस तवा. माझ्याकडं बघायचं येगळं असतंय.”

स्नेहलनं वेणीचा पहिला पेड घातला. तो सैल झाला म्हणून सोडला आणि पुन्हा घातला. जाऊ नको, एवढंच ती म्हणाली. अण्णांनी शब्द दिलाय, ताई म्हणाली. आईला रात्री झोप नसते. तूही आता नववी पास होशील, तुझी स्थळं बघताना पहिला प्रश्न माझाच निघंल. हे सगळं ती बाजाराची यादी सांगावी तशा सुरात सांगत होती, आणि म्हणून स्नेहलला मधे बोलता येईना.

“भ्या वाटतंय का, ताई?”

ताईनं मांडीवरचा गजरा मागं तिच्या हातात दिला.

“चार माणसांत ते लई चांगलं असत्यात,” ताई म्हणाली. “बघतीस न्हवं, कसं हसवत्यात समद्यांना. सासू-सासरं मळ्यातल्या घरी झोपाया जात्यात. मग घरात बघणारं कुणी ऱ्हात न्हाई.”

स्नेहलनं गजरा माळला. पिन खोवून ती उठली.

खोलीतून स्वयंपाकघरात जायला मधलं माजघर ओलांडावं लागे. आतल्या खोलीत हेमाबाई आवाज लावत होत्या, नावेतलंच गाणं. स्नेहल दाराशी थांबली. आईचा शेवट, ताईचा शेवट आणि आपला शेवट तिनं मनातल्या मनात एकामागोमाग एक लावून बघितले. तिन्हींत नावेत यमुना एकटीच होती. इतकी वर्षं बघून हे कधी खटकलं नव्हतं.

स्वयंपाकघरात आई पुरणपोळीवर तूप सोडत होती. पडवीत पंगत बसली होती आणि अण्णा वाढायला पोळ्यांचं ताट घ्यायला आले होते. मधलं दार उघडंच होतं. दाजींनी काहीतरी विनोद केला, सगळे हसले.

“आई, अण्णा,” स्नेहल म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण मंचरला लावला होता तसा लावला. “सकाळी ताईबरोबर मी बी जाणार. पाठराखीण म्हणून.”

पडवीतलं हसणं विरलं.

“काय तरीच काय,” आई दबक्या आवाजात म्हणाली, दाराकडं बघत. “पाठराखीण लग्नात जाती. दोन दिसांसाठी.”

अण्णांनी ताट पुन्हा ओट्यावर ठेवलं. ते लेकीकडं बघत होते. गप्प बस असं त्यांच्या तोंडावर होतं, आणि आणखीही काही होतं, जे तिला वाचता आलं नाही. तिनं पाय जरा फाकवून जमिनीवर घट्ट रोवले.

“लग्नात दोन दिवसांत परत आले, ते चुकलं. आता ऱ्हायलाच जाते. शाळेतनं माझा दाखला काढून द्या, अण्णा. दहावी मी बेल्ह्याला करणार, ताईच्या घरात राहून.”