प्लास्टिक चढवलेला परवाना

भाड्याच्या गाडीच्या काउंटरपर्यंत पोचेतो सासरे-जावयाचं तीनदा वाजलं होतं. पहिल्यांदा विमानातल्या खिडकीवरून, मग बॅगा कुणी उचलायच्या यावरून आणि तिसऱ्यांदा कशावरून ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. थोरली लेक दोघांच्या मधून चालत होती. लग्न झाल्यापासून तिची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखीच होती.

या क्षणी तिला फक्त गाडीची किल्ली हवी होती. धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहायची. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन, म्हणून आज संध्याकाळीच तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला आणि घरात चार वर्षांची लेक. थोरली पोचल्याशिवाय धाकटीला घरातून पाऊल उचलता येणार नव्हतं. त्या गावाला दिवसातून एकच बस जायची आणि आजची सकाळीच निघून गेली होती.

काउंटरवरच्या बाईने मान वर न करता हात पुढे केला. "लायसन्स. आणि परदेशात गाडी चालवायचा परवाना."

थोरलीच्या नवऱ्याने लायसन्स दिलं. परवान्यासाठी खिसे चाचपले, पाकीट उलटंपालटं केलं.

"शोधू नका, जावईबापू. माझ्याकडे आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडे कसा?"

"टेबलावर उघडा पडला होता. तुमचा निष्काळजीपणा मला नवा नाही." बाबांनी पोटाशी बांधलेल्या पिशवीतून एक चकचकीत वस्तू काढली आणि नवरदेवापुढे पाट मांडावा तशी अदबीने काउंटरवर ठेवली.



बाबांचं उभं आयुष्य कचेरीसमोरच्या लॅमिनेशनच्या दुकानात गेलं होतं. निकालपत्रं, बसचे पास, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, हाताला लागेल तो कागद ते मशीनमधून काढायचे. गावात त्यांना 'कडकशेठ' म्हणत. आई असताना म्हणायची, "मी एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून वाचले, नाहीतर मलाही मशीनमधून काढलं असतं."

परवान्याची ती साधी कागदी पुस्तिका बाबांनी पिना काढून सुटी केली होती, पानापानावर जाड प्लास्टिक चढवलं होतं आणि वर स्प्रिंगचं बाइंडिंगही करून घेतलं होतं.

बाईने ते दोन बोटांत धरून उचललं. "हे काय आहे?"

"परवाना," बाबा म्हणाले. "आता पाण्यात टाका, काही होणार नाही."

"परवाना ही पुस्तिका असते. हे हॉटेलातलं मेनूकार्ड आहे." तिने प्लास्टिकवरून नख फिरवलं. "शिक्का हाताला लागत नाही. पानं सुटी करून पुन्हा बांधलीत. फोटो बदलला असेल तर मला कसं कळणार? हा रद्द."

"अहो बाई, आम्ही चोर दिसतो का?" नवरा म्हणाला.

"ते बघणं माझं काम नाही. ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशातून परवाना नवा करून आणायचा. पुढचे या."

नवरा सासऱ्याकडे वळला. कानशिलं लाल झाली होती. "झालं समाधान? माझ्या वस्तूला हात लावायला सांगितलं कुणी?"

"चांगल्यासाठी केलं! तुम्ही लग्नाचं सर्टिफिकेट भिजवलंत, तेव्हापासून..."

"ते अजून काढताय!"

"काढणार! तुमच्या हाती काही टिकत नाही."

"तुमच्या हाती टिकतं, पण चालत नाही!"

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. थोरलीच्या पर्समध्ये फोन थरथरला. धाकटीचा मेसेज होता. "दवाखान्यातून विचारतायत. येतेस ना, ताई?"

तिने फोन ठेवला आणि पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन उघडली. त्यातून निघाली एक कागदी पुस्तिका, साधी, कोपरे जरा दुमडलेली. सोबत तिचं लायसन्स.

नवरा परवाना काढायला गेला तेव्हा तीही बरोबर होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं, "बाईंचाही करायचा का?" नवरा हसला होता. "ती गल्लीत स्कूटर पडेल म्हणून ढकलत नेते." दुसऱ्या आठवड्यात ती एकटीच जाऊन आली. ऑफिसची गाडी ती रोज चालवायची, पण त्याला ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. घरी मात्र बोलली नाही. सांगितलं असतं तर एकजण हसला असता आणि दुसऱ्याने मशीन तापवलं असतं.

बाईने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. पहिल्यांदाच तिने मान वर केली. "हा चालेल. बुकिंग तुमच्या नावावर करते. पण गाडी फक्त तुम्हीच चालवायची. दुसऱ्या कुणी हात लावला आणि पोलिसांनी अडवलं, तर गाडी जागेवर जप्त."

"तू?" नवरा म्हणाला.

"ही?" बाबा म्हणाले.

गाडीत थोरली ड्रायव्हरच्या जागी बसली, नवरा शेजारी, बाबा मागे. इथे सगळं उलटं होतं, स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ता उजवीकडे. ती वळायचा दिवा लावायला गेली आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरू लागले.

"देवा," मागून बाबा.

"फाटकाबाहेर पडलं की बाजूला घे," नवरा म्हणाला. "मी बसतो. त्या बाईला काय दिसतंय?"

"पोलिसांनी अडवलं तर?"

"कोण अडवतंय! आणि डोंगरातला रस्ता आहे, जरा डोकं वापर."

"जावईबापूंचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "हट्ट करू नकोस, पोरी."

थोरलीने आरशात पाहिलं. आठ वर्षांत या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. चहात साखर किती, यावरही नाही. आज झालं.

फाटकासमोर बसस्टँड होता, तिथे तिने गाडी थांबवली. नवरा ड्रायव्हरच्या बाजूला यायला उतरला. पुढची जागा मिळेल म्हणून बाबाही उतरले. खट् करून दारं आतून लॉक झाली. मग मागे डिकी उघडली.

तिने काच बोटभर खाली केली. "तुमच्या दोघांच्या बॅगा काढून घ्या. उद्याच्या बसने या. समोर लॉज आहे."

"अगं, वेड लागलंय का तुला?" नवरा दारावर थापट्या मारू लागला.

"गाडी जप्त झाली तर माझी बहीण दारात उभी राहील. तुमच्या डोक्यात ती आलीच नाही. दोघांच्याही."

"आम्ही दोघांनी एका खोलीत राहायचं?" बाबांचा आवाज चिरकला.

"आता तर जमतंय की तुमचं."

बाबांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बाबांकडे. कुणी हलेना, तेव्हा तिने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली, तशा बॅगा निघाल्या. डिकी आदळली.

तिने बहिणीला फोन लावला. "निघाले. एकटीच आहे. तू कपडे भरून ठेव."

"एकटी? आणि ते दोघं?"

"बोलतायत एकमेकांशी."

तिने वळायचा दिवा लावला. पुन्हा वायपर. या वेळी मात्र तिने ते बंद करायची घाई केली नाही. उजवीकडून, उजवीकडून, असं पुटपुटत ती डोंगराच्या रस्त्याला लागली.