खाली बसलेलं घर

"कुणाचा विश्वास बसणार नाही बाई, पण त्या पुरात आमच्या गल्लीत पाणी घोट्याएवढंच होतं!" काका छाती फुगवून म्हणाले.

पाहणीला आलेल्या बाईंना मात्र ताज्या रंगाचा वास खटकला. शहराच्या नव्या पूर-नकाशात घर लाल पट्ट्यात गेलं, तर काकांना ते सोडावं लागणार होतं. बाईंनी हळूच कपाट सरकवलं. मागे कुंचला पोचलाच नव्हता. पाण्याचा डाग छातीइतका वर होता.

"तो होय? पूर बघून घरच घाबरून खाली बसलं हो! पाणी ओसरल्यावर उठलं."

"आणि तुम्ही?"

"मी? कोरडा ठणठणीत!"

"थापा पुरे!" आतून काकू कडाडल्या. "मला माळ्यावर चढवून पिंपात तरंगत कोण बोंबलत होतं? लिहा बाई, छातीभर पाणी. मी नाही पुन्हा माळ्यावर चढायची."