ताहवोच्या वाटेवरचं नावांचं झाड

मी बोलतोय. म्हणजे माझं जे काही उरलंय ते बोलतंय: दीड हात लांबीची एक फळी, चार नावं कोरलेली. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मी स्प्रूसचा वृक्ष होतो, देवदाराच्या भाऊबंदांपैकी. फिनलंडातल्या एका रानवाटेवर, घर आणि दफनभूमीच्या बरोब्बर मध्ये, शंभरावर वर्षं उभा.

जागा मोक्याची म्हणून मला काम लागलं. घरातलं माणूस गेलं की शवपेटी माझ्यापाशी टेकवायची. माझ्या खालच्या फांद्या छाटायच्या, सालीचा एक तुकडा सोलून आत नाव कोरायचं, सगळ्यांनी दारूचा एकेक घोट घ्यायचा आणि मग पुढे. गेलेल्याला घराची ओढ लागलीच आणि तो परत निघाला, तर वाटेत माझ्यावरचं स्वतःचं नाव वाचतो, आपण मेलोय हे त्याला आठवतं आणि मुकाट मागे फिरतो, अशी इथली समजूत. परत निघालेलं कुणी मला कधी दिसलं नाही. घराकडून माझ्याकडे येणारे मात्र पुष्कळ दिसले.

त्यांतला एक ताहवो. चौथं नाव त्याच्या बायकोचं, लेम्पीचं. सहा वर्षांपूर्वी त्यानं ते स्वतः सुरीनं कोरलं. शेवटचं अक्षर लंगडंच राहिलं. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा, "बटाटे बरे आलेत" एवढं सांगायचा आणि टोपी नीट करून परत जायचा.

माझ्या मागे तीन एकर तरणे स्प्रूस होते. ते लेम्पीनं लावलेले. लग्न होऊन आली त्या वर्षी वाकून वाकून एकेक रोप तिनं मातीत दाबलं होतं. मी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत, त्यांच्या मुलाचं, इल्मारीचं लग्न झालं. सून हेल्का शहरातली. बोलायची कमी, बघायची फार. नव्या जोडप्याला दोन खोल्या हव्यात म्हणून बापलेकांनी दलदलीपलीकडच्या तुकड्यातले चाळीस स्प्रूस पाडले. ओंडके घरी आणायचे ते दलदल गोठल्यावर, तिच्यावरून ओढत. ताहवोच्या आज्यापासूनची हीच रीत.

"अण्णा, मोठं यंत्र बोलावून लांबच्या रस्त्यानं आणू या का?" इल्मारीनं विचारलं.

"आपल्या दलदलीला हिवाळा कधी येतो, हे तू मला शिकवणार?"

डिसेंबर आला. ताहवो रोज सकाळी लोखंडी पहार घेऊन दलदलीच्या काठाशी जायचा आणि पहार खाली मारायचा. ती बचकन गुडघाभर आत जायची. "उद्या गोठेल," तो म्हणायचा. जानेवारीत पाऊस पडला. जानेवारीत! फेब्रुवारीत वरवर पापुद्रा धरला आणि दुपारी विरघळला. तो रोज पहार मारत होता आणि रोज उद्याचा वायदा करत होता.

एकदा हेल्का चाचरत म्हणाली, "बाबा, ओंडक्यांची निदान साल तरी काढून ठेवू या. किडे सालीखालीच वाढतात म्हणे."

"साल काढली की लाकूड तडकतं, सूनबाई. तडकलेल्या भिंतीत संसार करणार आहेस का?"

इल्मारी हसला. हेल्काही हसली, पण तिची नजर ओंडक्यांवरच होती.

मे महिन्यात ऊन तापलं तसे ते आले. तांदळाएवढे, तपकिरी. सालीखाली छापल्यासारख्या ओळी कोरतात म्हणून इथे त्यांना 'छापखानेवाले' म्हणतात. पूर्वीही यायचे. दणकट झाड त्यांना राळेत बुडवून मारायचं, उरलेल्यांना थंडी आवरायची. आता सालीसकट चाळीस ओंडके, म्हणजे त्यांना वाढून ठेवलेलं ताटच होतं. जुलैत तिथली पिलावळ उडाली ती थेट माझ्यावर.

मी लढलो नाही, असं कुणी म्हणू नये. पण दोन उन्हाळे पावसाचा थेंब पुरता मुरला नव्हता. पहिल्या दहा भोकांना राळ पुरली. अकराव्याला नाही.

हेल्कानंच आधी पाहिलं. "बाबा, नावांच्या झाडाखाली तपकीर सांडलीय."

"मी चाळीस वर्षांपूर्वीच सोडली तपकीर."

"तुमची नव्हे हो. झाडाची. किड्यांनी पोखरलेला भुसा."

मग वनखात्यातल्या बाई आल्या. सालीचा तुकडा उचकटून म्हणाल्या, "हे झाड या पंधरवड्यात पाडा, साल काढून जाळा. नाहीतर आतली पिल्लं मागच्या रानात उतरतील."

ताहवोनं ऐकून घेतलं, त्यांना कॉफी पाजली, निरोप दिला, आणि काही केलं नाही. नावांचं झाड पाडायचं नसतं. पाडणारा वर्ष काढत नाही, असं म्हणतात. इल्मारी आपणहून करवत घेऊन निघाला, तेव्हा म्हातारा वाटेत आडवा उभा राहिला. "तुझं लग्न होऊन वर्ष नाही झालं. हात लावशील तर बघ!"

पंधरवडा गेला. आणखी दहा दिवस गेले. माझा शेंडा तांबूस व्हायला लागला होता.

एका रविवारी तो माझ्यापाशी उभा होता. हेल्का मागून आली. मग ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यावर नाव तुम्ही कोरलंत. त्यांनी स्वतःच्या हातानं केलं ते हे मागचं रान."

ताहवोनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्यावरच्या त्या लंगड्या अक्षरावर अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानं मला पाडलं. इल्मारीला वाटेच्या टोकाला उभं केलं होतं, पाऊल पुढे टाकायचं नाही अशी ताकीद देऊन. मी शक्य तेवढं हलकेच पडलो. हेल्का सुरी घेऊन साल सोलायला बसली आणि सोलता सोलता थांबली. सालीला बाहेरून बारीक बारीक गोल भोकं होती, शेकड्यांनी. आतल्या खोल्या रिकाम्या होत्या; पिल्लं आधीच उडून गेली होती.

"काय झालं?" ताहवोनं विचारलं.

तिनं सालीचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उजेडाकडे धरला. भोकांतून ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडलं, ठिपक्याठिपक्यांनी.

"पंचवीस दिवस," तो म्हणाला. "पंचवीस दिवस मी तिचं नाव राखत बसलो."

नावांचा भाग त्यानं कापून घेतला. तो जाळवेना आणि ठेवायचा कुठे हे कळेना. गेलेल्यांची नावं घरात आणायची नसतात. शेवटी हेल्कानंच मला उचललं, ओट्याच्या फडक्यानं पुसलं आणि दाराशेजारच्या खिडकीत ठेवलं. ज्यांना घरापर्यंत येऊ द्यायचं नाही म्हणून मला नेमलं होतं, त्यांना घेऊन मीच घरात आलो.

नव्या खोल्या झाल्या नाहीत. ते ओंडके बुरशीनं कधीच निळे पडले. खिडकीतून लेम्पीचं रान दिसतं. माझ्या जागेपासून सुरुवात झाली आणि आता निम्मं तांबडं आहे. हेल्का रोज सकाळी जाते, एकेका झाडाच्या बुंध्याशी वाकून तपकीर पाहते. वाकलेली पाठ लांबून लेम्पीसारखीच दिसते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावचा ऋतू तुमच्या आज्याला जसा भेटला तसा तुम्हालाही भेटेल, या भरवशावर काही सालीसकट ठेवू नका. आणि घरातलं कमी बोलणारं माणूस काही सांगत असेल, तर पहिल्यांदाच ऐका.

आता पुन्हा डिसेंबर आहे. आज सकाळी ताहवो पहार घेऊन दलदलीवर गेला आणि भिजून परत आला. पहार त्यानं कोपऱ्यात ठेवली नाही, माळ्यावर टाकली. मग माझ्यासमोर उभा राहून टोपी काढली.

"पाऊसच पडतोय गं, लेम्पी," तो म्हणाला.

दाराची कडी लावायला त्यानं हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. दार नुसतं लोटून ठेवलं.