चिदोरीवरचे आठ बोल्ट

दुसरा नट दीड फेरा फिरला आणि जागच्या जागी बसला. तोकुजीने पाना उलटा फिरवून पाहिला, सुलटा फिरवून पाहिला. नट ढिम्म. अंगातला सगळा जोर लावला, तसा नटाबरोबर अख्खा बोल्टच गरगर फिरायला लागला.

"काय झालं मिस्त्री?" खालून निशिओका बाईंनी विचारलं. त्या होडीला जादा दोर बांधत होत्या.

"काही नाही. बघतो."

काही नाही कसं? काय झालंय ते त्याला चांगलं कळलं होतं.

बाईंची 'चिदोरी' ही शिडाची होडी. सुकाणूपाशी बसायच्या जागेवर कापडी छत, छताला स्टीलच्या पाइपचा सांगाडा आणि त्या सांगाड्याच्या माथ्यावर दोन सोलर पॅनेल. सांगाडा तोकुजीने वाकवला, जोडला आणि जुलैमध्ये त्यावर पॅनेल चढवले. आता सप्टेंबर होता आणि या मोसमातलं चौदा नंबरचं वादळ संध्याकाळपर्यंत मिनेउरा बंदरावर येणार होतं. पॅनेल वर राहिले तर वारा खालून शिरून त्यांना सांगाड्यासकट उपटणार, आणि काच शेजारच्या मासेमारी होड्यांवर जाऊन पडणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

बंदराचा रिवाज ठरलेला होता. वादळाच्या दिवशी तीन वाजता या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावरून दोर ताणायचे आणि सगळ्या होड्या एका जाळ्यात बांधून टाकायच्या. त्यानंतर कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. जिच्यावर उडण्यासारखं काही उरलं असेल, त्या होडीने तीनच्या आत बाहेर जायचं. बाहेर म्हणजे उघड्या खाडीत, नांगराच्या भरवशावर. अशी गेलेली होडी सकाळी दिसेलच याची खात्री कुणी देत नसे. आणि बाईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर घर विकलं होतं. त्यांची चूल, अंथरूण, पुस्तकं, सगळं चिदोरीवरच होतं.

दीड वाजला होता. आठातला एक नट सुटला होता.

तिसरा अडकला. चौथाही अडकला. बोल्टांची डोकी पॅनेलच्या चौकटीच्या आत, त्यांना पकडायला जागा नाही. पाइप आणि चौकट यांच्यात बोटभर फट, तिथे कापायचं चक्र शिरत नाही. तोकुजी छतावर गुडघ्यांवर बसून राहिला.

स्टीलवर स्टील घाईने आवळलं की आटे तापतात आणि एकमेकांना चावतात ते कायमचे. म्हणून आट्यांना ग्रीस लावायचं, नट फिरवायचं मशीन लांब ठेवायचं आणि हाताने सावकाश, बोटांना विचारत विचारत आवळायचं. चाळीस वर्षं त्याने हे दिसेल त्याला ऐकवलं होतं. एकाच्या हातातून तर त्याने मशीन हिसकावून घेतलं होतं आणि भर धक्क्यावर त्याची खरडपट्टी काढली होती.

आणि जुलैमध्ये स्वतः काय केलं? पहिला बोल्ट रीतीप्रमाणे हाताने. त्या एकात अर्धा तास गेला, तीन नट पाण्यात पडले. बोटांना नट जाणवतच नव्हता. मग बाई चहा करायला आत गेल्यावर त्याने पिशवीतून मशीन काढलं आणि उरलेले सात बोल्ट धडाधड आवळून टाकले. ग्रीसचा डबा उघडलासुद्धा नव्हता.

तोच पहिला बोल्ट आज सुटला होता.

"बाई, हे अजून वरच?" धक्क्यावरून आवाज आला. मच्छीमार सोसायटीचा प्रमुख ओरिता दोन माणसं घेऊन दोर बघत फिरत होता.

"मिस्त्री उतरवताहेत," बाई म्हणाल्या.

ओरिता वर चढला, त्याने एका नटाला हात लावून बघितला. "गंज धरला म्हणायचा. खाऱ्या हवेपुढं मिस्त्री तरी काय करणार?"

आयतं कारण हातात आलं होतं. तोकुजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याची त्याला लाज वाटली.

"दोन महिन्यांत गंज?" बाई म्हणाल्या. "शाळेतली पोरं मला याहून बरी कारणं सांगायची."

"कारण काही का असेना," ओरिता धक्क्यावर परत उतरत म्हणाला. "तीनला दोर पडणार. गेल्या खेपेला कुणाचा तरी पत्रा उडून माझ्या केबिनची काच फुटली. तुमच्याबद्दल आदर आहे बाई, पण तुम्हाला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, असं चालायचं नाही."

"मी मागितलाय का वेगळा न्याय?" बाई फणकारल्या. पण त्यांची नजर बंदराच्या तोंडाकडे गेली. तिथे लाटा आताच पांढऱ्या झाल्या होत्या.

"पाइप कापतो," तोकुजी म्हणाला.

"कुठला पाइप?"

"हाच. चार ठिकाणी. माथा पॅनेलसकट एकदम खाली घेऊ."

बाई बघतच राहिल्या. "जुलैमध्ये मला हात लावू देत नव्हतात. बोटांचे डाग पडतात म्हणून."

असा सांगाडा त्याच्या हातून पूर्वी झाला नव्हता. जोड कुठे आहेत ते त्याचं त्यालाही शोधावं लागलं असतं.

बाईंनी आपली गादी पाण्यात बुडवून काचांवर अंथरली, ठिणग्या पडू नयेत म्हणून. त्याने वायरी सोडवल्या आणि कटर सुरू केला. पहिला काप निम्मा झाला. मशीनची थरथर हातात चढली, वरून गार वारा, आणि बघता बघता उजव्या हाताची बोटं मेणासारखी पांढरी पडली. कटर सटकला. पाइपावर लांब ओरखडा काढून त्याच्या गुडघ्याशेजारून गेला आणि बंद पडला.

"दाखवा हात," बाई म्हणाल्या. असा आवाज ऐकल्यावर हात पुढे होतोच. त्यांनी त्याची बोटं चिमटीत धरली. "जाणवतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

"चार वर्षं. मशीन धरून धरून." मग त्याने धक्क्याकडे बघितलं. ओरिता उभा होता, त्याची माणसं उभी होती. उद्या सगळ्या बंदराला कळणार होतं, आणि ज्याच्या बोटांना काही कळत नाही अशा मिस्त्रीला काम कोण देणार? "गंज नाही बाई. मीच मशीनने आवळले. ग्रीस न लावता. चूक माझी आहे."

ओरिता दोराची गाठ निरखत बसला. ती गाठ आधीच पक्की होती.

"बरं," बाई म्हणाल्या. "किती वाजले?"

"सव्वादोन," ओरिता म्हणाला.

तोकुजीने कटर उचलला आणि बाईंच्या हातात दिला. आजवर तो त्याने कुणाला दिला नव्हता.

"मी कधी चालवला नाही हा."

"मी सांगतो तसं करा. दाबू नका. तो आपला आपण खातो. आवाज चढला की हलका धरा. पाय लांब. हं."

पाइप त्याने दोन्ही कोपरांत कवटाळून धरला. पहिला काप वाकडा गेला, दुसराही. "सरळ रेघ मारायला शिकवण्यात माझा जन्म गेला," बाई ओरडल्या. चौथा काप संपला तेव्हा तीनला दहा कमी होते. ओरिता न बोलावता वर आला, त्याची माणसंही आली, आणि पॅनेल, पाइप, ओली गादी, सगळं एकदम खाली उतरलं. तीन वाजता दोर ताणले गेले. चिदोरी आत होती.

वादळ रात्रभर घोंगावलं. सकाळी बंदरात एकही होडी कमी नव्हती.

दहाच्या सुमाराला तोकुजी आला. मशीनची पिशवी नव्हती, नुसती एक कानस होती. छताच्या सांगाड्यावर कापलेली चार टोकं उभी होती, वाकडी, धारदार. ती तो एकेक करून घासायला लागला. बराच वेळ घासत राहिला. मग बोट फिरवून पाहिलं, आणि थांबला.

"बाई," त्याने हाक मारली, "जरा बघता का? टोचतंय का कुठं?"

बाई वर आल्या. त्यांनी टोकावरून सावकाश बोट फिरवलं.

"इथं. थोडंसं."

त्यांचं बोट जिथे होतं, तिथे त्याने कानस लावली.

"आता?"