एकदाच विचारलेला प्रश्न

“हिला जागं करता करता माझी निम्मी सकाळ जाते. एवढ्या वेळात मी आमच्या ह्यांना उठवून, कॉफी पाजून, शेतावर पिटाळलंसुद्धा असतं,” डॉर्थिया स्टिअरिंगवर कपाळ टेकून पुटपुटली आणि तिने पुन्हा किल्ली फिरवली.

ती माझ्याबद्दलच बोलत होती. मला राग आला नाही. अडतीस वर्षं सोबत काढलेल्या बाईला एवढी कुरकुर माफ असते. शिवाय मी खरंच खोकत होते.

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तकांची गाडी आहे. दिसायला बस, पण आत बाकं नाहीत. दोन्ही बाजूंना फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकं. ओहायोतल्या एका कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला. तिथल्या सुताराने माझ्या फळ्या मागच्या बाजूला थोड्या कललेल्या ठेवल्या, म्हणजे खड्ड्यातून जाताना पुस्तकं पडू नयेत. तो मुकादमाला म्हणाला होता, “हिच्या पोटात काही हलता कामा नये.” बाहेरून मला निळा रंग दिला आणि नॉर्थ डकोटातल्या एका काउंटीने मला विकत घेतलं. तेव्हापासून मी इथलीच. सूर्यफुलांची आणि बीटची शेतं, सरळसोट रस्ते, दोन घरांमध्ये तीन-तीन मैल अंतर. हिवाळ्यात आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. संध्याकाळी ती विजेला जोडली नाही तर सकाळी इंजिन गोठलेलं. माझीही वायर डॉर्थियाच जोडायची आणि बोनेटवर थाप मारून घरी जायची.

डॉर्थिया क्वामी ही ग्रंथपाल आणि ड्रायव्हरही. पंचविशीत ती माझ्या आसनावर बसली. कोणाला कसली पुस्तकं लागतात हे तिला तोंडपाठ होतं. कोणाच्या घरात आजारपण आहे हेही ती जाणून होती, म्हणून त्या घरी मी जरा जास्त वेळ थांबायचे.

माझे कौतुकाचे दिवसही होते. जुलैतल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मला झालरी लावत. शाळेची मुलं माझ्या पायरीवर रांग लावत. त्या मुलांत मारेन ओस्बी नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. दात पडलेली, बोलकी. एकदा जानेवारीत ती पुस्तक बदलायला आत आली आणि बाहेर एकाएकी हिमवादळ सुटलं. काचेपलीकडे नुसतं पांढरं. रस्ता नाही, कुंपण नाही, आकाशसुद्धा नाही. आम्ही तिघी सहा तास तिथेच. डॉर्थियाने आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि मारेन हीटरपाशी बसून ग्रहांचं एक जाडजूड पुस्तक वाचत राहिली. मध्येच तिने विचारलं, “डॉर्थिया, बाहेर हवाच नाही असं समजू या का?”

“समज. पण दार उघडू नकोस.”

सहा तासांनी काउंटीची बर्फ काढणारी गाडी पिवळा दिवा फिरवत आली आणि तिने आम्हाला सोडवलं. मुलगी खाली उतरायला तयार नव्हती.

तीच मारेन पुढे कॅलिफोर्नियाला गेली, कंपन्या काढल्या, विकल्या, पुन्हा काढल्या. तिच्या कारखान्यात अग्निबाण तयार होतात, असं गावात सांगत. विचार करणारी यंत्रंही तिच्याकडे होती. आता ती शेहेचाळीस वर्षांची. आईच्या आजारपणासाठी वर्षभर गावी राहायला आली आणि काउंटीच्या समितीने तिला विनंती केली, की आमच्या कारभारात काय वाया जातंय ते जरा बघा. ती एक पैसा न घेता कामाला लागली. मित्रांनो, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर गावात तिच्याबद्दल बरंच बोललं गेलं.

वसंतात एका गुरुवारी ती मला पाहायला आली. माझ्या फळ्यांवरून तिने हात फिरवला. मग डॉर्थियाशेजारच्या स्टुलावर बसली.

“सरकारात पैसा वाया जातो ना, तेव्हा नुसता पैसा जात नाही, डॉर्थिया, वेळ जातो. आणि माणसाच्या जातीकडे वेळ फार नाही. सगळे एकाच ग्रहावर बसून राहिलो, तर एक दिवस सगळे एकदम संपू.”

“उद्यापर्यंत थांबेल ना ते? उद्या मला उत्तरेची फेरी आहे.”

“चेष्टा नको. मी मरायच्या आत मंगळावर वस्ती झालेली मला बघायची आहे. लोकांना वाटतं हे श्रीमंतांचे चोचले. पण ते मला सुचलं कुठे, सांगू? इथे, या हीटरपाशी.”

माझ्या पत्र्याला ऊब आली.

“आणि पुस्तकांचं म्हणशील,” मारेन पुढे म्हणाली, “तर यंत्राची बुद्धी आता घरोघरी गुरुजी आणून बसवणार आहे. न थकणारा, न रागावणारा. त्या टोकाला राहणाऱ्या हाल्वर लीनच्या स्वयंपाकघरात अख्खं ग्रंथालय मावेल. मग एवढं लोखंड एका म्हाताऱ्यासाठी पंधरा मैल कशाला न्यायचं?”

“तुझ्या त्या मंगळावर रस्त्यावरची धूळ कोण काढणार?”

“यंत्रं.”

“सरकारी का खाजगी?”

मारेनला काउंटीच्या गाडीचा तो पिवळा दिवा आठवला असावा; ती खळखळून हसली. जाताना तिने माझ्या दारावर थाप मारली, अगदी डॉर्थियासारखी.

ती म्हणाली होती, मी माझ्या मनाने काही ठरवणार नाही, लोकांना विचारेन. आणि तिने खरंच विचारलं. तिच्या यंत्राने काउंटीतल्या प्रत्येक घरी फोन केला. दुसऱ्याच आठवड्यात व्हिवियन स्वेनुम पुस्तकं बदलायला आली ती तेच सांगत.

“अगं, काय अदबीने बोलतं ते! माझ्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केली. मग म्हणालं, तुम्हाला पुस्तकांच्या गाडीची गरज आहे का?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हटलं, माझ्यासाठी कशाला त्रास घेता, माझं चालतंय की.”

“अहो व्हिवियन, म्हणजे तुम्हाला गाडी नको?”

“नको कशी? पण एकदम हो म्हणायचं? बरं दिसतं का ते?”

डॉर्थियाने डोळे मिटून घेतले. मलाही तेव्हाच कळायला हवं होतं.

मित्रांनो, आमच्या माणसांची ही रीतच आहे. यांच्या घरी गेलात आणि कॉफी विचारली, तर तुम्ही ‘नको, नको, उगाच कशाला’ म्हणायचं. त्यांनी पुन्हा विचारायचं, तुम्ही पुन्हा ‘खरंच नको’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणायचं, ‘बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप.’ मग पूर्ण कप यायचा, त्यासोबत लोणीसाखर लावून गुंडाळलेली बटाट्याची पातळ पोळी यायची आणि दोघांनाही बरं वाटायचं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस इथे हावरट ठरतो. यंत्राने प्रत्येकाला एकदाच विचारलं. शंभरातल्या ब्याण्णव घरांनी कळवलं, आमच्यासाठी त्रास नको. यंत्राने लिहून घेतलं: गरज नाही.

मारेन याच मातीत वाढलेली. पण अठराव्या वर्षी ती गेली ती अशा गावी, जिथे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. तिने तो आकडा पाहिला आणि तिला तो खरा वाटला. मला वाटतं, तिला थोडं वाईटही वाटलं असेल. पण आकड्यापुढे वाईट वाटून घेणं तिला कमीपणाचं वाटत होतं.

मला बंद करायचं की नाही, हे ठरवायला समितीची बैठक जूनमध्ये झाली. मी बाहेर आवारात उभी होते. डॉर्थिया बाहेर आली, माझ्या आसनावर बसली आणि किती तरी वेळ तिने किल्ली लावलीच नाही.

“अध्यक्षांनी मला विचारलं,” ती मलाच सांगत होती, दुसरं कोणी नव्हतं. “म्हणाले, डॉर्थिया, तुला काही म्हणायचंय का? आणि मी काय म्हणाले? म्हणाले, माझं काय, माझं निवृत्तीचं वय झालंच आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मला वाटलं, ते पुन्हा विचारतील.” तिने कपाळावर हात मारून घेतला. “त्यांनी पुढचा विषय घेतला गं. गटारांचा.”

अडतीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही. तिने काच पुसायचं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसत बसली.

माझी शेवटची फेरी ऑक्टोबरच्या शेवटी ठरली. त्याआधी एवढंच सांगते. मी लोखंडाची आहे. मला गंज लागला, माझं इंजिन एकदा बदललं, माझ्या जागी उद्या दुसरं काही येईल. त्याचं मला फार दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या आसपास अशी माणसं असतील, जी ‘माझं चालतंय’ म्हणतात. त्यांच्या त्या शब्दावर विसंबून निघून जाऊ नका. दारात जरा थांबा. पुन्हा विचारा. मला बोलता आलं असतं, तर मी घरोघरी जाऊन पुन्हा विचारलं असतं. मला फक्त हॉर्न वाजवता येतो, आणि तोही दुसऱ्या कोणी दाबला तर.

शेवटच्या फेरीला मारेन स्वतः आली. प्रत्येक घरासाठी तिने आपल्या खर्चाने एक-एक चपटं यंत्र आणलं होतं, पाटीएवढं. ते वाचून दाखवी, प्रश्नांची उत्तरं देई, हवामान सांगे. लोक म्हणाले, “अगं बाई, कशाला एवढं.” तिने ती ठेवून घ्यायला लावली आणि लोक “छान आहे हो” म्हणाले. व्हिवियनने डॉर्थियाच्या हातात झाकलेलं भांडं दिलं आणि “भांडं परत द्यायची घाई नाही” म्हणून ती पाठ फिरवून आत गेली.

सगळ्यात शेवटचं घर हाल्वर लीनचं. वय एक्क्याऐंशी. त्याची बायको इंगा वाचणारी होती. ती गेल्याला बारा वर्षं झाली. पण हाल्वर दर दुसऱ्या गुरुवारी फाटकापाशी उभा असायचा आणि चार पुस्तकं घेऊन जायचा. पावसात, बर्फात, ताप असला तरी. आमच्याकडे त्याच्याइतकी पुस्तकं कोणीच नेत नसे. माझ्या सगळ्या हिशेबात मला हाल्वरचा अभिमान होता.

तो पायरी चढून आत आला, टोपी काढली, चार पुस्तकं टेबलावर ठेवली.

“कशी होती?” डॉर्थियाने नेहमीसारखं विचारलं.

“बरी होती.”

मारेनने ते चपटं यंत्र पुढे केलं. “हाल्वर, यात लाखो पुस्तकं आहेत. आता तुम्हाला फाटकापर्यंतसुद्धा यायला नको. हे तुमच्याशी बोलेल. कधीही, केव्हाही.”

हाल्वरने ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. “छान आहे,” तो म्हणाला. “फार चांगलं केलंस, पोरी. आभारी आहे.”

मग तो उतरायला वळला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. माझ्या दाराची कड त्याने घट्ट धरली. माझं इंजिन तेवढं धडधडत होतं आणि मला ते बंद करता आलं असतं तर मी केलं असतं.

“डॉर्थिया,” तो बाहेर शेताकडे बघत म्हणाला, “मी ती वाचलेली नाहीत. एकही नाही, बारा वर्षांत. तू यायचीस, म्हणून न्यायचो. इथे दुसरं कोणीच येत नाही.”