पायरीची धास्ती

गुडघा बदलून पाच आठवडे झाले, तरी पेंटरकाका दाराबाहेर पडले नव्हते. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यांनी लोकांची छतं रंगवली होती, पण आता दारापुढच्या तीन पायऱ्या दिसल्या तरी ते मागे वळायचे.

कारण त्यांनाच ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी, काकू बाहेर गेल्या असताना, ते एकटेच पायरी उतरायला गेले आणि नवा गुडघा घडीच्या खुर्चीसारखा मिटला. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. तेव्हापासून व्यायामाला दांडी. काकूंनी विचारलं, तर "केला की सकाळीच" म्हणून वेळ मारून न्यायचे. आत काहीतरी निखळलंय, आणि सांगितलं तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपवतील, या विचाराने जेवण गोड लागत नव्हतं.

मंगळवारी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या.

"काका, ही तीन सेंटिमीटर बारीक झालीय. व्यायाम होतोय ना?"

"हो हो, रोज."

"मांडीला खोटं बोलता येत नाही, काका."

काकू दारातच उभ्या होत्या. शेवटी मान खाली घालून काकांनी सगळं सांगून टाकलं.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "डोकं आपटलं असतं म्हणजे?" एवढंच त्या म्हणाल्या.

मुलीने गुडघा वाकवून, दाबून पाहिला. काका श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"सांधा पक्का वाटतोय. डॉक्टरांना दाखवूच. पण मांडीत जोर नव्हता म्हणून पाय मिटला असणार. आणि तुम्ही घाबरून व्यायाम सोडलात, तेव्हा होता तोही गेला."

शेजाऱ्यांनी काकांना खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं, आणि एक्स-रे पाहून डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काकांना पटलं, पण भीती थोडीच कुणाचं ऐकते? पाय सरळ उचलून दहा मोजायचे, तर सहालाच मांडी लटलटायची आणि तो मिटलेला गुडघा डोळ्यांपुढे यायचा. काकू शेजारी बसून आकडे मोजायच्या. एकही गाळायच्या नाहीत.

तीन आठवड्यांनी काका पायऱ्यांशी उभे राहिले. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, मुलगी एक पायरी खाली.

"दुखरा पाय आधी," ती म्हणाली.

काकांनी पाय टाकला. भार येताच गुडघा थरथरला, पण मिटला नाही. दुसरी पायरी. तिसरी. खाली पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता.

"कसं वाटलं?" काकूंनी वरून विचारलं.

"भीती वाटली," काका म्हणाले. "आणि अजून वर यायचंय."