परत फेकायचा चेंडू

ऑर्विल लिंडक्विस्ट दर उन्हाळ्यात बेसबॉल मैदानाच्या कुंपणामागच्या बाकड्यांवर, चेंडू झेलायचा चामडी हातमोजा चढवून बसायचा. मोजा म्हातारा झाला, ऑर्विलही झाला, पण एकही चेंडू त्यांच्याकडे फिरकला नाही. "त्या मोज्याला तरी घरी पडू दे," असं बायको होती तोवर म्हणायची.

आयोवातल्या त्या गावाचा संघ आज नऊ-शून्यने मार खात होता. शेजारी त्याची मुलगी कर्स्टन, तिच्या मांडीवर तिची तान्ही टिली. टिलीला दात येत होते, त्यामुळे हाती येईल ते तोंडात.

आठव्या डावात पाहुण्या संघाच्या एका धिप्पाड गड्याने चेंडू असा टोलवला, की तो कुंपण ओलांडून थेट ऑर्विलच्या मोज्यात येऊन बसला. ऑर्विल जागचा उठलाही नव्हता.

तेवढ्यात बाकड्यांवरून ओरडा सुरू झाला, "परत फेक! परत फेक!"

कुंपणाबाहेर आलेला चेंडू एरवी झेलणाऱ्याचाच, पण पाहुण्यांचा होमरन गावात कुणी ठेवून घेत नाही. तो मैदानात भिरकावून द्यायचा. या रिवाजाचा सगळ्यांत कडक रखवालदार खुद्द ऑर्विल. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टर हॅगर्टीने असाच एक खिशात घातला, तर याने त्याला चारचौघांत झाडून तो परत फेकायला लावला होता.

हॅगर्टी नेमका मागच्या रांगेत. "काय रे ऑर्विल, खांदा धरला का? मी फेकू?"

"थांब जरा."

"मला कुठे थांबू दिलं होतंस?"

"बाबा, ठेव तू," कर्स्टन कुजबुजली. "ओरडतील आणि गप्प बसतील."

"ते बसतील गं. मी नसतो बसलो."

त्याने चेंडू बाहेर काढला. लाल टाके, एका बाजूला गवताचा हिरवा डाग. टिलीसमोर धरला. तिने दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि हिरड्यांनी चावू लागली. ओरडा वाढत गेला. ऑर्विलने तिचं पोटभर चावून होऊ दिलं. मग हलकेच सोडवून घेतला, उभा राहिला आणि लाळेसकट फेकला. चेंडू कसाबसा कुंपण ओलांडून गवतावर पडला. सामना जिंकल्यासारख्या शिट्ट्या झाल्या. हॅगर्टीने पाठीत एक सणसणीत थाप घातली.

ऑर्विल खाली बसला.

"बाबा, दहा-शून्य झालेत," कर्स्टन म्हणाली. "टिली पेंगतेय. निघूया?"

"आत्ता?" ऑर्विल म्हणाला. "आत्ता कुठे मॅच रंगात आलीये."